गाडीचा दम आणि माईचा कोप

दिवाळी संपत आली की मला राग यायला लागतो. घरात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. चकल्यांच्या डब्यात तळाशी नुसता चुरा उरलेला असतो, सकाळी दूध आणायला जाताना शाल घ्यावीशी वाटते, ऊन अंगाला गोड लागतं आणि नेमकं तेव्हाच माझं डोकं तापतं. ‘मम्मी का सीझन आ गया,’ असं आमचा निखिल म्हणतो. त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. मी त्याला मराठीत झापते, तो हिंदीत हसतो, आणि आमचं बरं चाललं आहे.

हा हंगाम ट्रकांचा. पावसाने चार महिने अडवून धरलेलं सगळं या दिवसांत एकदम रस्त्यावर येतं. खेड्यांतून धान निघतं, उरल्याच्या कारखान्यांतून सळया निघतात, सिमेंट, गिट्टी, मुरूम, जे म्हणाल ते. अंगणात वाळत टाकलेल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. मला धुळीचा राग नाही. राग आहे तो एका आवाजाचा. भरलेला ट्रक चढावर जोर लावतो तेव्हा त्याच्या पोटातून एक बारीक, लांब शीळ निघते. निखिल नोकरीला नव्या रायपुरात आहे. कधी त्याच्यासोबत तिकडे गेले, की त्या रुंद, ओसाड रस्त्यावर एखादा ट्रक शेजारून शीळ घालत जातो आणि मी गाडीची काच वर करते. निखिल विचारतो, ‘क्या हुआ मम्मी?’ मी म्हणते, धूळ. खरं तर ती शीळ टर्बोची असते, आणि टर्बोने माझ्या संसारात काय केलं ते कारमध्ये बसून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे.

राज्य नवीन झालं त्या सुरुवातीच्या वर्षांतला एक हिवाळा. रायपूर राजधानी झालं म्हणजे काय झालं, तर सगळ्यांना घाई झाली. कालपर्यंत चौकात पान खात तास घालवणारी माणसं एकाएकी घड्याळ पाहू लागली. जिकडेतिकडे खणलेले रस्ते, बांबूच्या परांच्या, मंत्र्यांच्या गाड्यांचे भोंगे. आमची पुरानी बस्ती तेवढी तशीच होती. त्याच बोळीत, त्याच नळाला तेच पाणी, आणि त्या बोळीच्या तोंडाशी आमचा ट्रक उभा असे.

सासरची मंडळी भोसल्यांच्या राज्यापासून इथली. नात्यात सगळे वकील, मास्तर, कचेरीतले साहेब. त्यात माझ्या सासऱ्यांनी एकट्याने ट्रक घेतला आणि ‘गाडीवाले’ हे नाव कायमचं चिकटवून घेतलं. लग्नकार्यात आम्हाला मान होता, पण पंगतीच्या टोकाला. मी वर्ध्याची, रेल्वेतल्या बापाची मुलगी. मला ट्रकची लाज कधी वाटली नाही. सासरे गेल्यावर माझे यजमान, मुकुंदराव, ती गाडी चालवू लागले. मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. ‘मी कोणाचा नोकर नाही,’ हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आमचा पोपटही शिकला असता, पोपट असता तर. त्या एका वाक्यावर त्यांचा सगळा डोलारा उभा होता, आणि त्या हिवाळ्यात तोच हलू लागला.

काम असायचं उरल्याहून सळया भरून बस्तरकडे जायचं. कांकेर ओलांडलं की केशकालचा घाट लागतो. आमची गाडी जुन्या बनावटीची, साध्या इंजिनाची. घाटात ती पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढे आणि मागे नव्या ट्रकांची रांग भोंगे वाजवत राही. ते ट्रक टर्बोवाले. जागा मिळाली की शीळ घालून पुढे निघून जात. उरल्याला माल भरून देणारा सेठ एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मराठा, तेरी गाड़ी में दम नहीं है. अगले सीझन से नई गाड़ीवालों को देखना पड़ेगा. नहीं तो मेरी गाड़ी चला ले, पगार दूँगा.’

घरी येऊन ते जेवले नाहीत. सेठचं बोलणं मला सासूबाईंकडून कळलं. मला सेठचा संताप आला. ज्याच्या गोदामात या माणसाने सासऱ्यांच्या काळापासून माल वेळेवर नेऊन घातला, त्याला दम कमी पडला होय? पण संतापाने गाडी चढत नाही.

नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती. तेव्हा ठरलं की जुन्या इंजिनालाच टर्बो बसवायचा, तोही कबाडातला, म्हणजे भंगारातला. भनपुरीला तुटलेल्या ट्रकांची मोठे कबाडखाने आहेत. तिथून एके दुपारी मुकुंदराव पोत्यात गुंडाळून एक जड वस्तू घेऊन आले आणि तुळशीजवळ ठेवली. मोठ्या लोखंडी गोगलगायीसारखी दिसत होती. मी ती रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासली. आत एका दांड्याला दोन टोकांना दोन चक्रं. एका तोंडातून फुंकर मारली की दोन्ही गरगर फिरत. समारू मिस्त्रीने मला समजावलं ते असं : इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळतं, आणि दम वाढतो. मला ते फार आवडलं. वाया जाणारा धूरच कामाला लावायचा, यात गृहिणीला पटण्यासारखी एक गोष्ट होती.

समारू मिस्त्री म्हणजे बोलघेवडा माणूस. हात चालण्याआधी तोंड चालायचं. ‘चिंता झन कर भौजी, गाड़ी उड़ही!’ काळजी नको, गाडी उडेल, असं तो येता-जाता म्हणे. टर्बो दुसऱ्या जातीच्या गाडीचा, तो आमच्या इंजिनाला जुळेना, म्हणून लेथवाल्या खराद्याकडून मधे बसवायला एक जाड पत्रा कापून आणला. नळ्या सायलेन्सरवाल्याने वाकवून दिल्या. त्या दांड्याला सतत तेल लागतं, म्हणून इंजिनातून तेलाची एक बारीक नळी काढली. डिझेलच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली हे सगळं चाललं होतं आणि मी डबा घेऊन जाई.

‘ब्रेक तेच ठेवणार का?’ मी एकदा विचारलं.

‘चढायले ब्रेक कायले लागते?’ मुकुंदराव हसले.

‘अन् उतरायले?’

समारूही हसला. मी भांडले. रोज डबा उघडण्याआधी भांडले. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी चारी चाकांचे ब्रेक नवे करून घेतले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण घरात ही गोष्ट सांगताना एवढा भाग नेहमी गाळला जातो.

गाडी द्यायच्या दिवशी समारू पहिल्यांदा गंभीर झाला. मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘भैया, एक बात सुन. चढ़ाव के बाद तुरते बंद झन करबे. दू मिनट धीरे चलन दे, साँस लेन दे, तब बंद करबे.’ म्हणजे चढावानंतर लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा. कारण असं की चढावर टर्बो तापून लाल होतो, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद केलं की तेल यायचं थांबतं, आणि जे आत असतं ते त्या लाल लोखंडावर करपतं, कढईत तेल जळून बसतं तसं. मी तिथेच उभी होते. मुकुंदराव म्हणाले, ‘हव, समजलं.’

आणि गाडीला दम आला, हे खोटं कशाला बोलू! पहिल्या खेपेहून परतले तेव्हा मुकुंदराव न्हाणीघरात गात होते. घाटात नव्या ट्रकाला मागे टाकलं म्हणे. बोळीत शिरताना गाडी शीळ घाली आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका खिडकीत येत. सेठ म्हणाला, ‘वाह मराठा!’ आणि आधीपेक्षा जास्त माल देऊ लागला. मी खूश होते. नवऱ्याची मान ताठ झालेली पाहून कोणती बायको खूश होणार नाही? त्या आनंदाचाही मला आता राग येतो, कारण तो जाणार होता आणि कशाने जाणार ते मला दिसत होतं.

घाटात वळणावर माईचं देऊळ आहे. इतर ड्रायव्हर भोंगा वाजवतात, चालत्या गाडीतूनच हात जोडतात, काही थांबून नारळ फोडतात. आमच्या घरची रीत वेगळी. सासऱ्यांनी घालून दिलेली. माईसमोर गाडी उभी करायची, चाकामागे दगड लावायचा, इंजिन बंद करायचं, चपला काढायच्या, मग हात जोडायचे. आईसमोर घरघर करत उभं राहायचं नाही. साध्या इंजिनाला त्याने काही होत नव्हतं. पण आता गाडी ऐन चढावरून, लालबुंद टर्बो घेऊन, माईसमोर येई आणि हे तत्काळ इंजिन बंद करत.

जेवताना ते सहज सांगत होते, ‘माईसमोर बंद केली, हात जोडले,’ तेव्हा माझा घास हातातच राहिला.

‘अहो, मिस्त्री काय म्हणे? चढावानंतर लगेच बंद नका करू म्हणे न?’

‘तुले काय समजते त्यातलं?’

‘तो बोलला तेव्हा मी तिथंच उभी होती न. थोडं चालू राहू द्या, मग बंद करा. माईले घाई नाही.’

‘माईसमोर गाडी फुरफुर करत ठेवू काय? बाबानं कधी ठेवली काय?’

‘बाबाच्या गाडीले टर्बो होता काय?’

सासूबाई मधे पडल्या. ‘देवापुढे इंजिन बंद केल्यानं कोणाचं वाईट झालं वं? काहून त्याच्या मागं लागून राहिली?’ मुकुंदराव उठून हात धुवायला गेले. त्यानंतर प्रत्येक खेपेआधी मी तेच सांगत राहिले, आणि ते प्रत्येक खेपेला मान हलवत राहिले. आमच्या घरात मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला तोवर कळलं होतं.

मग माझ्या बहिणीचं डोहाळजेवण आलं. ती जगदलपूरला, नवरा सरकारी कचेरीत. गाडी तिकडेच चालली होती, म्हणून मी केबिनमध्ये बसले. तेव्हा लहान असलेल्या निखिलला सासूबाईंकडे ठेवलं. धमतरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान, शेतात पेंढ्यांचे ढीग, पायाशी इंजिनाची ऊब. मुकुंदराव मजेत होते. खरं सांगते, लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघंच कधी बसलो नव्हतो. घाट आला, टर्बो शीळ घालू लागला, गाडी सळयांसकट सरसर चढली. माझ्या नाकाला मात्र करपलेल्या तेलाचा वास येत होता. मी सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या गाडीचा असेल.

माईचं देऊळ आलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘आज तरी नका करू बंद.’ त्यांनी हात सोडवला, इंजिन बंद केलं, दगड लावला. आम्ही दोघांनी हात जोडले. परत येऊन त्यांनी दगड काढला, गाडी सुरू केली.

सुरू झालेलं इंजिन आपोआप उसळलं. पायाखाली काही न दाबता त्याचा आवाज वाढू लागला, वाढतच गेला. बंद करायची कडी ओढली तरी ते ऐकेना. टर्बोच्या झिजलेल्या दांड्यातून इंजिनाचं तेलच आत शिरलं होतं, आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःचं तेल पीत सुटलं होतं. निळ्या-पांढऱ्या धुराने सगळं वळण भरून गेलं. माणसं पळाली. गाडीचा पत्रा न् पत्रा थडथडत होता आणि मी दाराची कडी घट्ट धरून बसले होते. मुकुंदरावांनी एक मात्र बरोबर केलं. सगळ्यात वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभेच राहिले आणि क्लच सोडला. गाडीने जोराचा हिसका खाल्ला. आतून लोखंड फुटल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. मागे उतार होता, खाली दरी होती, आणि सळयांनी भरलेली गाडी जागची हलली नाही. ते ब्रेक नवे होते.

इंजिनाच्या अंगाला भोक पडलं होतं आणि रस्त्यावर तेल वाहत होतं. लोक जमले. ‘माई नाराज होगे,’ एकजण म्हणाला. नारळवाला म्हणाला, देवळासमोरच झालं, म्हणजे काहीतरी चुकलंच. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि मुकुंदरावांना विचारलं, ‘बाई ला गाड़ी म काबर लाने रेहे?’ बाईला गाडीत कशाला आणलंस!

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना कारण ठाऊक होतं. समारूने खांद्यावर हात ठेवून सांगितलेलं कारण, मी ताटासमोर, दारात, आणि त्याच जागी त्यांचा हात धरून सांगितलेलं कारण. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी देवळाकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली, आणि वाहणारं तेल पाहत उभे राहिले.

तिथून ही गोष्ट आमच्या आधी रायपूरला पोचली. सासूबाई म्हणाल्या, ‘बाईमाणसाले कायले न्यायचं घाटात?’ मला नारळ घेऊन आमच्या बस्तीतल्या महामायेच्या देवळात पाठवलं, माफी मागायला. मी गेले. देवीसमोर उभी राहून म्हटलं, तुला तर ठाऊक आहे, तू तरी बोल. पुजाऱ्याने मला प्रसाद दिला आणि पुढच्या बाईला पुढे बोलावलं.

नवं इंजिन टाकणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. गाडी भनपुरीच्या कबाड्यानेच नेली. मुकुंदराव सेठच्या नव्या ट्रकावर पगारी ड्रायव्हर झाले. ‘मी कोणाचा नोकर नाही’ हे वाक्य घरातून गेलं आणि त्याच्या जागी कोणीच काही म्हणेनासं झालं. मला त्यांची कीव आली, हे कबूल करते. रात्री जेवायला बसलेल्या त्या वाकलेल्या माणसाशी भांडणार कोण? मी राग गिळला. पण एकदा मी त्यांना विचारलं, आता माईसमोर काय करता? तर सहज म्हणाले, ‘आता बंद नाही करत. चालूच ठेवतो. लगेच बंद केली तर सेठ ओरडते.’

मी पोळपाटावरची पोळी तशीच टाकून अंगणात जाऊन उभी राहिले. सेठने सांगितलं तर माईसमोर इंजिन फुरफुरलेलं चालतं. माई तेव्हा कोपत नाही, बाबांची रीत तेव्हा मोडत नाही. मिस्त्रीने सांगितलं, बायकोने सांगितलं, तेव्हा मात्र देवाधर्माचा प्रश्न होता. मला देवीचा राग कधीच आला नाही. तिने नुसतं पाहिलं. गरिबीचाही आला नाही, कबाडातला टर्बो नीट वापरला असता तर चालला असता, समारूने बसवलेले दुसरे कितीतरी चालले. राग येतो तो वळणावर रुमालाने मान पुसणाऱ्या त्या हाताचा. गाडी गेली ती गेली. पण माझ्या नावावर गेली.

आणि ती माझ्या नावावर दरवर्षी जाते. यंदा भाऊबीजेला माझी नणंद, पमाताई, बिलासपूरहून आली. सोबत तिची नवी सून. पंगत बसली होती, मी वरण वाढत होते. ट्रकचा विषय कसा निघाला कोण जाणे, आणि पमाताईने सुनेला रंगवून सांगायला घेतलं, ‘अगं, मामी गाडीत बसली अन् माई अशी कोपली म्हणते, इंजिनच फोडून टाकलं!’ सगळे हसले. मुकुंदरावही हसले. निखिलने दरवर्षीसारखं हसत विचारलं, ‘सच में, मम्मी?’

इतकी वर्षं मी अशा वेळी स्वयंपाकघरात जायचे. यंदा गेले नाही. वरणाचं भांडं कमरेशी धरून उभी राहिले आणि म्हणाले, ‘माई कोपली नव्हती. मिस्त्रीनं सांगितलं होतं की चढावानंतर लगेच बंद करू नका. मी सांगितलं होतं. तुझ्या पप्पांनी दर खेपेला बंद केली. त्यानं टर्बो जळला अन् गाडी गेली. मी नुसती बाजूले बसली होती.’

पमाताईच्या सुनेने पदर सावरला. मुकुंदराव ताटाकडे पाहत होते. भात कालवणारी बोटं थांबली होती. आता ते म्हातारे झाले आहेत, कानामागचे केस पार पांढरे. मग म्हणाले, ‘बंद मीच केली होती. हिनं हात धरला होता माझा. तरी केली.’

‘जाऊ दे न दादा,’ पमाताई म्हणाली, ‘किती जुनी गोष्ट!’

निखिल एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं होतं, हे वाक्य कानावर पडलं की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. हे वाक्य त्यांनी घाटात म्हणायचं होतं, तेल वाहत असताना, त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं मिटल्यासारखं आपली वाटी वरणासाठी पुढे केली.

मी त्यांना ओलांडून पुढच्या पानाकडे गेले.